बटणाएवढी बॅटरी

धर्मराज मधाळ्यांनी आपल्या कॉम्प्युटरला पासवर्ड घातला तो चोरांच्या भीतीने. निपाणीतल्या त्यांच्या घरात चोराने न्यावं असं फारसं काही नव्हतं. पण बेळगावला निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात टाय लावलेल्या एका तरुणाने पडद्यावर चित्रं दाखवून सगळ्यांना असं काही घाबरवलं, की परतीच्या बसमध्ये धर्मराज शेजारी बसलेल्या म्हातारीकडेसुद्धा संशयाने बघत होते. म्हातारीच्या मांडीवर भाजीची पिशवी होती. पण टायवाल्याने सांगितलं होतं की कुणावरही विश्वास ठेवू नका, आणि 'कुणावरही'मध्ये म्हातारीही आलीच.

धर्मराज टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. हयातभर त्यांनी लोकांचे मुके पडलेले फोन बोलते केले. त्यामुळे वायर आणि स्क्रू या वस्तू आपल्या शब्दाबाहेर जात नाहीत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. विंडोजचा पासवर्ड त्यांना फारच वरवरचा वाटला. चोर घरात शिरून, पंखा लावून, विंडोजपर्यंत पोचल्यावर त्याला अडवण्यात काय अर्थ? त्याला वेशीवरच अडवला पाहिजे. म्हणून कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोज जागं होण्याच्याही आधी, एक बटण दाबून जी निळी पाटी उघडते, तिच्यात ते शिरले. 'सिक्युरिटी' असं लिहिलेलं एक कलम सापडलं. तिथे त्यांनी असा काही पासवर्ड घातला की चोराच्या बापाला सुचू नये.

तो पुढे धर्मराजांनाही सुचला नाही.

एका रविवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटर लावला. काळ्या पडद्यावर एक पांढरी चौकट आली आणि पासवर्ड मागू लागली. धर्मराज तिच्याकडे बघत राहिले. लग्नात एखादा पाहुणा 'ओळखलंत का?' म्हणून हात धरून उभा राहतो आणि आपल्याला त्याचं नाव आठवत नाही, तसं झालं.

एरवी त्यांनी चार दिवस वाट पाहिली असती. पण गल्लीच्या कोपऱ्यावर एका सरकारी कार्यालयाची खोली कित्येक वर्षं कुलूप लावून पडली होती. (कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं रोज भेटतात.) गल्लीतल्या निम्म्या घरांत आया विड्या वळतात. घरभर तंबाखूचा खकाणा, आणि त्यात पोरांनी अभ्यास कुठे करायचा? ती बिचारी बुद्धविहाराच्या पायरीवर बसून वाचायची, आणि मोटरसायकल आली की पाय पोटाशी घ्यायची. ही खोली अभ्यासिकेला द्या, असा अर्ज विहार समितीचे सचिव म्हणून धर्मराजांनी तयार केला होता. खोलीचा नकाशा, फोटो, पोरांची माहिती, सगळं त्यात होतं. अर्ज कानडीत लागतो. धर्मराज कानडी फाडफाड बोलत, पण लिहिताना त्यांचा हात अडखळे. म्हणून शेजारच्या गल्लीतल्या सौम्या टीचरने या कॉम्प्युटरवर बसून सगळा कानडी मजकूर टाइप करून दिला होता. टीचर आता बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे तिला पुन्हा बसवायचं म्हणजे अशक्यच.

आणि नेमकी त्याच सकाळी बातमी आली, की सोमवारी दुपारच्या बैठकीत ती खोली एका ठेकेदाराला पाइप ठेवायला देणार आहेत.

"हातानं लिवून द्या की," अक्काताई म्हणाल्या. अक्काताई म्हणजे धर्मराजांच्या पत्नी. त्या सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या.

"कानडीत?"

"मग आठवा तरी. माजी जन्मतारीख घालून बघा."

धर्मराज थांबले. "कुठली? खरी का शाळेतली?"

"तुमाला म्हाईत हाय ती घाला."

या वाक्यातला धोका धर्मराजांना कळला, पण मागे फिरायला जागा नव्हती. त्यांनी हळूहळू आकडे दाबले. अक्काताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ह्ये तुमच्या थोरल्या भनीचं साल हाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळाकडे गेल्या.

चौकटीने आकडे नाकारलेच. तीनदा चुकलं की पडदा गोठून जाई आणि बटण बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. धर्मराजांनी उपासनाचं, म्हणजे मुलीचं नाव घालून पाहिलं. स्कूटरचा नंबर घातला, खात्यातला जुना कर्मचारी क्रमांक घातला. शेवटी चिडून त्यांनी एक शिवीही घातली. कॉम्प्युटरने सगळं सारख्याच शांतपणे नाकारलं.

तेवढ्यात शेजारचे रायाप्पा मगदूम आले. रायाप्पांचा तंबाखूचा व्यापार. कुठलीही वस्तू त्यांना आतून माहीत नसे, पण तिच्यावर उपाय मात्र तयार असे.

"बॅटरी काढ आनि परत घाल," रायाप्पा खुर्ची ओढत म्हणाले.

"आप्पा, ह्यो काय मोबाईल हाय? ह्येला बॅटरी नसत्या. ह्यो करंटवर चालतोय."

"माजी बुलेट बंद पडलती तवा..."

"बुलेटचं नाव काढू नगंस."

"बरं. पन बॅटरी काढून बघाय काय जातंय तुजं?"

तीस-पस्तीस वर्षं तांत्रिक खात्यात काढलेल्या माणसाला तंबाखूच्या व्यापाऱ्याने बॅटरी शिकवावी, हे धर्मराजांना लागलं. त्यांनी पंख्यावर बॅटरी शोधावी का, फ्रिजवर शोधावी का, असं दोन-तीनदा विचारलं. रायाप्पांनी ते ऐकून घेतलं. पण खुर्चीवरून उठले नाहीत.

रायाप्पांच्या पत्नी कमला अक्काताईंकडे वाटीभर शेंगाचटणी द्यायला आल्या होत्या. त्यांनी वेगळाच मार्ग सांगितला. "भावजी, पासवर्ड घातला त्या दिवशी जेवायला काय हुतं ते आठवा. मी कुकरची शिट्टी अशीच हुडकत्ये. जेवान आठवलं की मागचं सगळं आठवतंय."

धर्मराजांनी हसण्यावारी नेलं. पण दोघी स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी गुपचूप 'झुणका' असं इंग्रजी अक्षरांत घालून पाहिलं. मग 'भाकरी' घालून पाहिलं. रायाप्पा मागून वाचत होते. ते म्हणाले, "ठेचा ऱ्हायला की रं."

अखेर कॉम्प्युटर दुकानात न्यायचं ठरलं. रायाप्पांचा लांबचा पुतण्या वृषभ, त्याचं बसस्थानकासमोर दुकान होतं. धर्मराज स्कूटर चालवत होते, मागे रायाप्पा कॉम्प्युटरचा लोखंडी डबा पोटाशी धरून बसले होते, आणि डब्यातून निघालेली वायर रस्त्याला घासत होती. वाटेत ओळखीच्या माणसांनी विचारलं, "काय, मिक्सर बिघडला काय?" धर्मराजांनी पहिल्या दोघांना समजावून सांगितलं. तिसऱ्याला "व्हय" म्हणाले.

वृषभच्या दुकानात परीक्षेचे अर्ज भरायला हीऽऽ गर्दी. त्याने डब्याकडे पाहिलं, धर्मराजांकडे पाहिलं आणि विचारलं, "बिल आनलासा काय?"

"कशाचं?"

"ह्या कॉम्प्युटरचं. बायोसला, विंडोजच्या आधीच, लॉक हाय म्हंजे मालक कोन, ते आमाला कसं कळनार? चोरीचा मालबी येतोय, काका. पोलीस आमाला विचारत्यात."

चोराला वेशीवर अडवायला म्हणून जो पासवर्ड घातला, त्याच्यामुळे भर बसस्थानकासमोर धर्मराजच चोर ठरत होते. रांगेतली माणसं त्यांच्याकडे वळून बघू लागली.

"माजं आडनाव विचार ह्याला," ते रायाप्पांकडे बोट करून म्हणाले.

"मी वळखतो, वृषभ," रायाप्पा म्हणाले. "लई वर्सं शेजारी हाय. चोरी कराय लागतंय तेवढं धाडस न्हाई ह्येच्यात."

साक्ष अनुकूल होती, पण धर्मराजांना ती आवडली नाही.

"बिल कुठं हाय ते तरी सांगा," वृषभ म्हणाला.

धर्मराजांनी रांगेकडे पाठ केली. मग हळूच म्हणाले, "स्कॅन करून कॉम्प्युटरात ठेवलंय."

रांगेत कुणीतरी खोकलं. वृषभने मग आपलं मत दिलं, की मदरबोर्डच बदलावा, नाहीतर डबा ठेवून जावं, बुधवार-गुरुवारकडे बघतो. सोमवारच्या बैठकीला बुधवारी उघडलेला अर्ज काय कामाचा? डबा पुन्हा रायाप्पांच्या पोटाशी गेला आणि दोघे घरी आले.

आतापर्यंत धर्मराजांनी एक उपाय जाणूनबुजून टाळला होता. तो म्हणजे उपासनाला विचारणं. उपासना बंगळूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिला विचारलं की ती आधी हसते आणि मग सांगते. सांगणं त्यांना चालत होतं, पण हसणं नको होतं. पण अक्काताईंनी त्यांना न विचारताच व्हिडिओ कॉल लावला.

उपासना हसली. पुरतं हसून झाल्यावर म्हणाली, "बाबा, तो डेस्कटॉप लई जुना हाय, म्हणून सोपं हाय. पिन काढा, डबा उघडा. आत मदरबोर्डवर एक बटणाएवढी गोल बॅटरी दिसंल. ती काढायची आनि थोड्या वेळानं परत घालायची. बस्स."

सगळ्यांनी रायाप्पांकडे पाहिलं.

रायाप्पांनी फक्त खिशातून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला घेतली. ते काहीतरी बोलले असते तर धर्मराजांना बरं वाटलं असतं.

"बॅटरी कशाला ठेवलीया त्यात?" धर्मराजांनी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"करंट गेल्यावर त्यानं सगळं लक्षात ठेवावं म्हणून. ती काढली की ते सगळं विसरतं. पासवर्डपण. आई, फोन फिरव गं, मला तुझा कान दिसालाय."

स्क्रू ड्रायव्हर हातात आल्यावर मात्र धर्मराज पुन्हा टेलिफोन खात्यातले झाले. पिन काढली, झाकण उघडलं. आत धुळीची अशी गोधडी पसरली होती की थंडीत पांघरावी. ती फुंकल्यावर बॅटरी दिसली. चकचकीत, खरंच बटणाएवढी. तिला एक बारीक पट्टी धरून होती. "पट्टी हलक्या हातानं मागं घ्या," उपासना म्हणेपर्यंत धर्मराजांनी ती ठामपणे मागे घेतली, आणि बॅटरी टुणकन उडून अक्काताईंच्या सुपात पडली.

सगळ्यांनी मिळून तांदूळ चिवडले. बॅटरी रायाप्पांना सापडली, त्याला काही इलाज नव्हता.

उपासनाच्या सांगण्यावरून पिन काढलेलीच ठेवून चालू करायचं बटण दाबून धरलं, म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. मग चहा झाला. मग बॅटरी जागेवर बसवली, पिन लावली आणि बटण दाबलं. पांढरी चौकट आली नाही. तिच्याऐवजी इंग्रजीत दोन ओळी उमटल्या.

"काय म्हंतोय?" रायाप्पांनी विचारलं.

"म्हंतोय, मला मागचं काय आठवत न्हाई, पुढं जायाचं असंल तर बटण दाबा."

बटण दाबलं. विंडोजचं चिन्ह क्षणभर चमकलं आणि एकदम अख्खा पडदा निळा झाला. त्यावर दोन टिंबं आणि शेजारी वाकडं तोंड.

"अगंबया, रुसलाय की ह्यो!" अक्काताई म्हणाल्या.

धर्मराजांना अर्ज आठवला. पासवर्ड विसरला तसा अर्जही विसरला असेल तर? पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसलेली पोरं त्यांच्या डोळ्यांपुढे आली. आपण नको तिथे शहाणपणा केला नसता तर अर्ज सकाळीच छापून झाला असता, हे त्यांना स्वच्छ दिसलं. त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

"घाबरू नका बाबा," उपासना म्हणाली. या वेळी ती हसली नाही. "फाइली जागच्या जागी हायत. डिस्कची एक सेटिंग बदललीया, तेवढी पयल्यासारखी करूया. परत त्या निळ्या पाटीत जावा."

धर्मराज पाटीत शिरले. बाण दाबत एकेक कलम ओलांडताना 'सिक्युरिटी'पाशी त्यांचं बोट जरा रेंगाळलं.

"बाबा! तिथं थांबू नका!"

डिस्कची सेटिंग सापडली आणि बदलली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, आणि नकाशा, फोटो, कानडी अर्ज, सगळं जसंच्या तसं पडद्यावर आलं. रायाप्पांनी टाळी वाजवली. उपासना "बाबा, आता फकस्त तारीख..." असं काहीतरी म्हणत होती, पण अक्काताईंनी "झालं गं काम, ठिवत्ये, भात लावायचाय," म्हणून लाल बटण दाबलं होतं.

उपासना सांगत होती ते असं, की बॅटरी निघाल्यावर कॉम्प्युटर पासवर्डाबरोबर आजचा दिवसही विसरतो, आणि ज्या साली कारखान्यातून निघाला तिथून पुन्हा मोजायला लागतो. धर्मराजांचा कॉम्प्युटर त्याच्यापुरता २००९ सालच्या पहिल्या जानेवारीत जाऊन बसला होता. इंटरनेट चालेना, तेव्हा धर्मराजांनी इंटरनेटवाल्याला दोष दिला. अर्जावरची तारीख आपोआप पडावी अशी सोय त्यांनी मोठ्या हौसेने करून घेतली होती. सोमवारी सकाळी त्यांनी कानडी अर्ज आणि मराठी प्रत छापली, नकाशाची मापं दोनदा तपासली आणि झोकात सही ठोकली. अर्जाच्या डोक्यावर १ जानेवारी २००९ अशी तारीख होती. ती त्यांनी पाहिली नाही. आपणच लिहिलेलं पुन्हा काय वाचायचं?

रायाप्पांना सोबतीला घेऊन ते कार्यालयात गेले. तिथे भावकू नावाचे कारकून टपाल घ्यायला बसले होते.

"नाळे बर्री," ते मान वर न करता म्हणाले. म्हणजे उद्या या.

"उद्या येऊन काय करू? बैठक आज दुपारी हाय," धर्मराज म्हणाले.

"आज कुनाला टाइम न्हाई, सर. बेळगावहून तपासनीला मोठे साहेब येनार हायत. जुने किती अर्ज पडून हायत, ते बघनार. सगळं हापिस जुन्या फायली हुडकालंय."

बोलता बोलता भावकूंनी अर्ज ओढून घेतला, त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि ते उभे राहिले. त्यांनी मधाळ्यांना आपली स्वतःची खुर्ची दिली, रायाप्पांसाठी दुसरी मागवली आणि अर्ज घेऊन जवळजवळ पळतच साहेबांच्या खोलीत गेले.

"बघ आप्पा," धर्मराज पाय पसरत म्हणाले, "बोलन्याची एक पद्धत असत्या."

साहेबांनी दोघांना आत बोलावलं. साहेब नवीनच बदलून आले होते. अर्ज हातात धरून त्यांनी कानडीत विचारलं, "इतकी वर्षं?"

खोलीला कुलूप असल्याचं विचारतात, असं धर्मराज समजले. "होय साहेब," ते कानडीत म्हणाले. "लई वर्षं. पायरीवर अभ्यास केलेली पहिली पोरं आता नोकरीला लागली, त्यातल्या दोघांची लग्नंसुद्धा झाली."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "याबद्दल तुम्ही वर कुठे तक्रार केली?"

"अजून नाही," धर्मराज म्हणाले. त्यांनी ते साधेपणाने सांगितलं, पण त्यातला 'अजून' साहेबांना लागला. त्यांनी भावकूंना खालच्या आवाजात विचारलं, की त्या सालचं आवक रजिस्टर कुठे आहे. भावकू म्हणाले, वाळवीने खाल्लं. म्हणजे अर्ज तेव्हा आलाच नव्हता असंही कुणाला सिद्ध करता येणार नव्हतं. दुसऱ्या कुठल्या फाइलीचं बोलणं चाललं असेल म्हणून धर्मराज सभ्यपणे पंख्याकडे बघत बसले.

बैठक सुरू व्हायच्या आत खोली अभ्यासिकेला दिल्याचा आदेश निघाला आणि पाइपांना दुसरी जागा सापडली. रायाप्पांनी खोलीची किल्ली खिशात टाकली. दोघे समोरच्या टपरीवर आले. चहा सांगून धर्मराजांनी शिक्का मारलेली प्रत कौतुकाने उघडली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आप्पा. ह्ये साल बघ."

रायाप्पांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "गप चहा पी."

"अरं, त्यांना वाटलं आपला अर्ज सोळा वर्सं पडून हाय!"

"मग? खोली तर सोळा वर्सं पडून हुती का न्हाई?"

"खोली हुती. अर्ज न्हवता." धर्मराजांनी कप खाली ठेवला. "आप्पा, त्या खोलीत पोरं बसून शिकनार. ती खोटी तारीख घालून घ्यायची व्हय?"

"खोटी तू कुठं घातलीस? बॅटरीनं घातली."

पण धर्मराज उठलेच. रायाप्पा किल्लीच्या खिशावर हात ठेवून मागोमाग निघाले.

भावकू आता निवांत होते. त्यांनी अर्जाची मराठी प्रत पहिल्यांदाच सबंध वाचायला घेतली होती, आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं होतं.

"या, या," ते म्हणाले. "सर, एक विचारू? दोन हजार नऊ सालात तुमाला कोरोना म्हाईत हुता?"

कोरोनाच्या काळात पोरांचा अभ्यास मागे पडला, असं अर्जात एक कलम होतं. धर्मराज समोरच्या बाकावर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. टायवाला तरुण, निळी पाटी, वृषभचं दुकान, तांदळात पडलेली बॅटरी, काही लपवलं नाही. रायाप्पांनी 'बॅटरीचं मी पयल्यांदा सांगितलं हुतं' एवढी भर घातली. भावकूंना यातलं किती कळलं कोण जाणे, पण तारीख चुकीची आहे एवढं नक्की कळलं. त्यांनी साहेबांच्या बंद दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

"सर, आता आदेशावर सही झाली. जावक नंबर पडला. ती तारीख दुरुस्त करायची तर तुमालाच नवीन अर्ज द्यावा लागतोय. आजच्या तारखेचा."

"देतो," धर्मराज म्हणाले.

त्यांनी तिथेच कोरा कागद मागून घेतला, घडलेली हकिकत मराठीत स्वतःच्या हाताने लिहिली आणि तारीख तपासून सही केली. भावकूंनी अर्जावर शिक्का मारला, पोच दिली आणि कागद शेजारच्या गठ्ठ्यावर ठेवला. धर्मराजांचं ओझं उतरलं. घरी येऊन त्यांनी उपासनाला फोन लावला आणि ती हसेल ते ऐकत कॉम्प्युटरची तारीखही नीट करून घेतली.

त्या दुसऱ्या अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. धर्मराज अधूनमधून जाऊन विचारतात. विचाराधीन आहे, असं उत्तर मिळतं. अभ्यासिकेत मात्र दिवा रोज लागतो, आणि तिथे बसलेली पहिली पोरं दहावी पास होऊन कॉलेजात गेलीसुद्धा.